भुजंगराव बोट गाठतात

भुजंगराव एकलारे यांनी एकतीस वर्षं नांदेडच्या बसस्थानकावर लोकांना गाड्यांत बसवलं. वाहतूक नियंत्रक म्हणून ते निवृत्त झाले, पण बसवण्याची सवय काही निवृत्त झाली नाही. कॉलनीत कुणाच्या लग्नाला जीप निघाली की पुढं कोण बसणार, मागं कोण, आणि लाडवांचा डबा कुणाच्या मांडीवर, हे तेच ठरवायचे. लोक ऐकायचेसुद्धा, कारण आवाज. काचेच्या खिडकीमागून बिलोली-देगलूर पुकारून पुकारून त्यांचा आवाज असा तयार झाला होता, की ते नुसतं "चहा झाला का" म्हणाले तरी पाहुणे पिशवी उचलून उभे राहायचे.

अशा माणसाला त्यांच्या लेकीनं, ऋतुजानं, एका रविवारी पुण्याहून फोन केला.

"पप्पा, तुम्ही, मम्मी, मावशी आणि काका. मुंबईहून गोवा आणि परत, तीन दिवस मोठ्या बोटीवर. तिकिटं काढलीत मी. तुम्हाला काहीच करायचं नाही, फक्त वेळेवर जाऊन बसायचं."

ऋतुजा अकरावी-बारावीची दोन वर्षं लातूरला मावशीकडं राहून शिकली होती, त्यामुळं मावशी-काकांचं तिकीट निघणं रास्तच होतं. भुजंगरावांच्या पत्नी पार्वतम्मा फोनजवळच उभ्या होत्या. गौरम्मा ही त्यांची धाकटी बहीण. दोघी बहिणी लग्नानंतर एकत्र अशा कुठं गेल्याच नव्हत्या. बारसं, लग्न आणि मयत, एवढ्यापुरत्या भेटायच्या, आणि तिथं दोघींच्या हातात पोळपाट नाहीतर भांडी. पार्वतम्मांनी पदराला डोळे पुसले आणि त्या चपात्या करायला गेल्या.

भुजंगरावांच्या मनात मात्र सगळ्या वाक्यातलं एकच राहिलं. वेळेवर जाऊन बसायचं. म्हणजे जिम्मेदारी आपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बोट कंपनीला फोन लावला. तिकडं एक मुलगी होती, बोलायला फार गोड.

"बोट लागते किती वाजता?" भुजंगरावांनी विचारलं.

"सर, तुमची रिपोर्टिंगची वेळ एक ते दीड आहे."

"ते झालं. लागते किती, सुटते किती, आणि फलाट कोणता?"

"फलाट नसतो सर. टर्मिनल आहे."

"मग माणसांनी उभं कुठं राहायचं?"

मुलीनं सगळं सावकाश समजावलं. घरूनच कॉम्प्युटरवर नाव नोंदवायचं, बोर्डिंग पास छापून घ्यायचा, आधार कार्ड मूळ आणायचं, झेरॉक्स चालणार नाही. इस्त्री, वायरचा बोर्ड, धारदार वस्तू आणि घरचं जेवण न्यायचं नाही. मोठ्या बॅगा दारातच घेतल्या जातात आणि थेट खोलीवर पोचवल्या जातात. शेवटचं वाक्य ती बोलत होती तेव्हा भुजंगराव 'धारदार' हा शब्द लिहीत होते. एवढं एकच वाक्य त्यांच्या वहीत आलं नाही.

चार दिवस खपून त्यांनी 'प्रवाशांसाठी सूचना' तयार केल्या. एकूण एकोणीस. पहिली होती, 'बोट हात केल्याने थांबत नाही.' सातवी होती, 'मूळ आधार कार्ड व बोर्डिंग पास गटप्रमुखाकडे जमा करावेत. गटप्रमुख: भु. वि. एकलारे.'

"चार माणसांत गटप्रमुख कशाला?" पार्वतम्मा म्हणाल्या.

"दोन असले तरी लागतो," भुजंगराव म्हणाले. संसाराची एवढी वर्षं पाहता यात पार्वतम्मांना कळण्यासारखं बरंच होतं.

सूचनांचं लॅमिनेशन करून एक प्रत लातूरला कुरियरनं गेली. साडू शिवशंकरअप्पांचं तिथं नळाच्या पाइपांचं दुकान. माणूस असा शांत, की दुकानाला आग लागली तर आधी हातातला चहा संपवेल. पोचल्याचा फोन आला. "मिळालं पाव्हणे. चांगलं जाड हाय." पुढं कळलं ते असं, की प्लास्टिकचा कागद पुसता येतो म्हणून गौरम्मानं तो लोणच्याच्या बरणीखाली घातला होता आणि वाचला कुणीच नव्हता.

इकडं कॉलनीत बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. शेजारचे राघवेंद्रराव भूगोलाचे निवृत्त शिक्षक. समुद्र हा विषय आपल्या अखत्यारीत येतो, असा त्यांचा समज होता. ते फळ्यापुढं उभं राहावं तसे फाटकात उभे राहिले.

"एक ध्यानात घ्या एकलारे. मोठं जहाज कधी किनाऱ्याला लागत नसतं. पाणी उथळ असतं. जहाज आत उभं राहतं आणि माणसांना लहान लाँचमधून नेतात. भरती-ओहोटी पाहून निघा."

भुजंगरावांनी हे लिहून घेतलं. मग समोरच्या भार्गवीताई आल्या. त्या दोन वर्षांपूर्वी मुलाबरोबर सिंगापूरला जाऊन खरोखरच अशा बोटीत बसून आल्या होत्या.

"भाऊ, मी काय म्हणते, कागदपत्रं आणि गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा. मोठी बॅग संध्याकाळपर्यंत भेटत नाही बघा."

हे त्यांनी लिहून घेतलं नाही. भार्गवीताई बाई चांगल्या, पण वाहतुकीतलं त्यांना काय कळणार, आणि शिवाय त्या 'भाऊ' म्हणताना किंचित हसल्या होत्या.

आता प्रश्न उरला निघायचं कुठून. भुजंगरावांचं मत पडलं की लातूरकरांनी नांदेडला यावं, म्हणजे तुकडी एका ठिकाणाहून सुटेल.

"दाजी," गौरम्मा फोनवर म्हणाली, "मुंबई आमच्याकडून जवळ हाय. उलटं नांदेडला येऊन परत तिकडंच जायचं व्हय?"

"प्रश्न अंतराचा नाही, शिस्तीचा आहे."

फोन शिवशंकरअप्पांनी घेतला. "पाव्हणे, तुम्हीच या इकडं. जेवू, आणि इथनं रेल्वेत बसू. हुतंय की." या 'हुतंय की'पुढं भुजंगरावांची कुठलीच सूचना आजवर टिकली नव्हती. ठरलं तसंच.

निघायच्या दिवशी नांदेड बसस्थानकावर त्यांना पहिला धक्का बसला. लोहा-अहमदपूरमार्गे लातूरची गाडी लागली, आणि भुजंगराव सवयीनं दाराशी उभे राहून "उतरणाऱ्यांना आधी उतरू द्या" म्हणू लागले. वाहक कोवळा होता. तो म्हणाला, "काका, तुम्ही चढता का? मागं लोक थांबून राहिलेत."

काका. ज्या स्थानकावर त्यांच्या शिट्टीशिवाय गाडीचं चाक हलत नसे, तिथं. भुजंगराव चढले आणि अहमदपूर येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले. पार्वतम्मांनी मध्ये एकदा गोळी पुढं केली, आवळ्याची. त्यांनी ती तोंडात टाकली.

लातूरला जेवणं झाल्यावर त्यांनी अधिकार पुन्हा हातात घेतला. चौघांची आधार कार्डं आणि बोर्डिंग पास जमा केले, प्लास्टिकच्या फाइलीत घातले, फाइल टॉवेलात गुंडाळली आणि सगळ्यात मोठ्या निळ्या बॅगेच्या तळाशी ठेवली. वर कुलूप, आणि गाडीत सीटला साखळी.

"हातात नको का ठेवायला?" पार्वतम्मांनी विचारलं.

"हातातलं पाकीट मारता येतं. ही बॅग मारायला दोन माणसं लागतील." हिशेब बिनतोड होता. त्या बॅगेत शिवशंकरअप्पांनी जाता जाता आपलीही एक लहानशी पिशवी कोंबली. काय आहे म्हणून कुणी विचारलं नाही.

मुंबईला गाडी सकाळी वेळेवर पोचली. बोट दुपारची, तरी भुजंगरावांनी सगळ्यांना आंघोळी आणि नाश्त्याच्या नावाखाली स्टेशनावर जेमतेम एक तास दिला. मग टॅक्सी. माणसं चार आणि बॅगा पाच, म्हणून टॅक्स्या दोन. त्यातही पुढच्या टॅक्सीच्या डिकीत गॅसची टाकी निघाली, तेव्हा निळ्या बॅगेसकट सगळ्या बॅगा मागच्या टॅक्सीत, लातूरकरांबरोबर, गेल्या.

"माझ्या मागं मागं या," भुजंगरावांनी मागच्या टॅक्सीवाल्याला सांगितलं आणि पुढच्याला म्हणाले, "बोटीवर घ्या. जिथं लाँच लागते तिथं."

टॅक्सीवाल्यानं त्यांना बरोबर, जिथं लाँच लागते तिथं, म्हणजे भाऊच्या धक्क्यावर नेलं. मागची टॅक्सी पहिल्याच सिग्नलला मागं राहिली.

धक्क्यावर मासळीचा वास होता. टोपल्या घेऊन बायका बसल्या होत्या, मोटारसायकली होत्या, एक माणूस बकरी घेऊन रांगेत उभा होता. भुजंगरावही रांगेत उभे राहिले. पार्वतम्मांनी नाकाला पदर लावला.

"अहो, हीच का ती?"

"ही आपली बोट नव्हे. ही लाँच. ही आपल्याला मोठ्या बोटीपर्यंत नेणार. पाणी उथळ असतं."

"मग ही बकरी?"

बकरीचं भुजंगरावांनाही नीट उमजत नव्हतं. पण जहाजावर तीन दिवस एवढ्या माणसांचं जेवण असतं, हे त्यांनी पार्वतम्मांना समजावून सांगितलं. आपण शाकाहारी असल्याचं फॉर्मवर लिहिलंय, तेव्हा काळजीचं कारण नाही, हेही सांगितलं. पाऊण तासानं ते खिडकीपाशी पोचले.

"आमच्या केबिनचा नंबर कुठं कळेल?"

खिडकीतला माणूस दमलेला होता. "केबिन नाय काका. वरती छपरावर बसा, वारा लागतो. रेवसची दोन तिकिटं का?"

तेवढ्यात फोन वाजला. शिवशंकरअप्पा होते.

"पाव्हणे, कुठं हाव? आम्ही आत येऊन बसलो. एसी हाय. बोट लई मोठी हाय हो. लातूरचा मार्केट यार्ड उभा केल्यागत दिसायलीय."

"आत म्हणजे कुठं?"

"काय की. टॅक्सीवाल्याला म्हणलं, मोठ्या बोटीला ने. त्यानं आणलं."

भुजंगरावांनी दोन क्षण समुद्राकडं पाहिलं. मग "ओहोटी आहे, इकडून नको," असं पार्वतम्मांना सांगून ते रांगेतून बाहेर पडले. बकरीवाला एक पाऊल पुढं सरकला.

दुसरी टॅक्सी मिळायला, ती चुकीच्या फाटकाशी थांबायला, तिथल्या पहारेकऱ्यानं त्यांना पुढच्या फाटकाकडं पाठवायला आणि त्या फाटकानं आणखी पुढच्या फाटकाकडं पाठवायला इतका वेळ गेला, की टर्मिनलच्या थंडगार दालनात ते पोचले तेव्हा एक वाजून गेला होता. मोठमोठ्या काचांमागं पांढरीशुभ्र बोट उभी होती. किनाऱ्याला अगदी चिकटून. भुजंगरावांनी राघवेंद्ररावांविषयी एक विचार मनात आणला आणि गिळला.

गौरम्मा धावत आली आणि दोघी बहिणी एकमेकींना बिलगल्या, जणू महिनाभरानं भेटत होत्या. भुजंगरावांनी सामान मोजलं. खांद्यावरच्या पिशव्या होत्या. बाकी काहीच नव्हतं.

"निळी बॅग कुठाय अप्पा?"

"दिली."

"कुणाला दिली?"

"दारात माणूस होता वर्दीतला. म्हणाला, खोलीवर पोचवतो. नंबरची पट्टी लावली त्यानं. मी म्हणलं, बरं."

भुजंगराव जवळच्या खुर्चीवर बसले. एकतीस वर्षांत गाड्या फुटल्या, पूल वाहून गेले, एकदा अख्खं वऱ्हाड चुकीच्या गाडीनं अर्धापूरऐवजी भलतीकडं गेलं, पण असं खाली बसायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. ते हळूच म्हणाले, "कागदं त्यात आहेत. चौघांची."

खरं तर अशा वेळी पार्वतम्मांनी 'मी म्हणलं होतं' म्हणायला हरकत नव्हती. त्यांचा तो हक्कच होता. त्या नुसत्या नवऱ्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्यांच्या हातात दिली.

काउंटरवर निळ्या कोटातली एक अधिकारी मुलगी होती. ऋतुजाएवढीच असेल. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मूळ आधार पाहिल्याशिवाय मला सोडता येत नाही सर. अडीचला काउंटर बंद होतो. बॅगा आता दीड हजार आहेत आत. ओळखपत्रं हातात ठेवा, हे आम्ही सगळ्यांना कळवतो."

भुजंगराव तोंड उघडायच्या आत शिवशंकरअप्पा पुढं झाले. "चूक माझी हाय, बाई. बॅग मी दिली. ह्यांना काय ठाऊक नव्हतं. ह्यांनी तर सगळं लिहून दिलतं आम्हाला, एकूणएक. मीच वाचलं न्हाई."

मुलीनं शिवशंकरअप्पांकडं पाहिलं. लातूरच्या दुकानात गिऱ्हाइकाचा पाइप फुटका निघाल्यावर ज्या चेहऱ्यानं ते उभे राहत असतील, तसेच ते उभे होते. भुजंगरावांना वाटलं, आपण गप्प बसलो तर हे असंच राहील. ऋतुजाला असंच सांगितलं जाईल, कॉलनीत असंच कळेल, आणि गटप्रमुखाचा मान राहील. फार काही करायचं नव्हतं, नुसतं गप्प राहायचं होतं. ते उठले.

"नाही मॅडम. बॅग द्यायचीच असते, ते त्यांनी बरोबर केलं. कागदं तळाशी मी ठेवली. मला एका बाईंनी सांगितलंही होतं, हातात ठेवा म्हणून. आणि हिनं पण सांगितलं. मी ऐकलं नाही." हे सगळं त्यांनी हळू आवाजात म्हटलं. तरी दालनातल्या पन्नास-साठ माणसांना ते स्वच्छ ऐकू गेलं. आवाजाला इलाज नव्हता.

मुलीच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं. "बसा काका. मी बघते," ती म्हणाली आणि फोन उचलला. दोन दिवसांत तिसऱ्यांदा त्यांना कुणी काका म्हटलं होतं. या वेळी ते इतकं लागलं नाही.

सव्वाएक, दीड, पावणेदोन. माणसं पुढून जात होती, गळ्यात कार्ड अडकवून, टोप्या घालून. एक म्हातारी चाकाच्या खुर्चीतून गेली आणि जाताना हात हलवून गेली. पार्वतम्मा म्हणाल्या, "न्हाई गेलो तरी काय बिघडतंय. बोट तर बघितली. गौरीसंगं दोन दिवस मुंबईत राहू." असं म्हणताना त्यांची नजर काचेबाहेरच्या त्या पांढऱ्या भिंतीवर होती, जिच्यावर ओळीनं लहान लहान गोल खिडक्या होत्या. भुजंगरावांनी त्या खिडक्या मोजायला घेतल्या आणि चाळीसनंतर सोडून दिल्या.

दोन वाजता वरच्या कर्ण्यातून आवाज आला. कुणीतरी परप्रांतीय होता. "मिस्टर भुजंग एकला रे. मिस्टर एकला रे. सुरक्षा तपासणीकडे यावे."

आपलं नाव कर्ण्यातून ऐकण्याचा त्यांचा हा आयुष्यातला पहिला प्रसंग. पुकारणाऱ्यानं आडनाव तोडलं होतं, श्वास चुकीच्या जागी घेतला होता, आणि दुसऱ्यांदा पुकारताना घाई केली होती. तरी कर्ण्यातला इतका गोड आवाज त्यांनी पूर्वी ऐकला नव्हता.

तपासणीच्या खोलीत टेबलावर निळी बॅग होती. यंत्रात घातल्यावर तिच्यात एक अडकित्ता आणि एक लोखंडी खल दिसला होता, म्हणून तिला दीड हजार बॅगांतून बाजूला काढून ठेवलं होतं. काउंटरवरच्या मुलीचा फोन गेला, तेव्हा पट्टीवरचा नंबर जुळला.

"हे काय आहे?" सुरक्षा अधिकाऱ्यानं विचारलं.

शिवशंकरअप्पा पहिल्यांदाच थोडे ओशाळले. "दाढा गेल्यात साहेब. पान कुटून खातो."

भुजंगरावांनी कुलूप उघडलं, टॉवेल काढला आणि फाइल छातीशी धरली. सूचना क्रमांक अकरा धारदार वस्तूंबद्दलच होती. ती लातूरकरांनी वाचली असती, तर बॅग या वेळेला कुठल्या ढिगाऱ्यात असती, याचा विचार करायला त्यांना सवड नव्हती, आणि सवड होती तेव्हाही त्यांनी तो केला नाही. अडकित्ता आणि खल जमा झाले, परत येताना मिळतील म्हणून चिठ्ठी मिळाली. दोन वाजून बावीस मिनिटांनी चौघांच्या गळ्यात कार्डं पडली.

बोटीवर जेवण झालं. संकटाच्या वेळी कुठं जमायचं, याची कवायत झाली. तिथं भुजंगराव सगळ्यांत आधी पोचले, पण ते कुणी नोंदवून घेतलं नाही. मग चौघं वरच्या डेकवर आले. दोघी बहिणी कठड्याला टेकून उभ्या राहिल्या आणि माहेरच्या कुणाकुणाच्या गोष्टी काढून हसू लागल्या. शिवशंकरअप्पा आरामखुर्चीवर बसले. त्यांनी खिशातून पानाची पुडी काढली, पाहिली आणि परत ठेवली.

"काय झालं?"

"काय न्हाई. खल न्हाई ना."

भुजंगराव उठले. कॅन्टीनसारखं काहीतरी होतं तिथून त्यांनी एक जाड बुडाचा कप आणि वाटी मागून आणली. पुडी घेतली, पान फाडून वाटीत टाकलं, कात, चुना, बडीशेप, सुपारीचे तुकडे, आणि कपाच्या बुडानं कुटू लागले. सुपारी टणक होती. वाटी सरकत होती. त्यांनी ती दोन गुडघ्यांत धरली आणि जीव लावून कुटत राहिले.

"बारीक हवं का जाडसर?"

"तुमाला जमंल तसं."

बराच वेळ लागला. अखेर पान कुटून झालं, शिवशंकरअप्पांनी चमच्यानं तोंडात घातलं, डोळे मिटले आणि मान डोलावली. भुजंगरावांनी घाम पुसला आणि घड्याळात पाहिलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"साडेचार वाजले. चारला सुटायची होती. अर्धा तास लेट, आणि कुणी काही पुकारत पण नाही."

पार्वतम्मांनी मागं वळून पाहिलं. वाऱ्यानं त्यांचे पांढरे केस कपाळावर आले होते.

"अहो, सुटली की," त्या म्हणाल्या. "कवाच."

भुजंगराव कठड्याशी गेले. धक्का नव्हता, फाटकं नव्हती. मुंबई मागं बोटभर उरली होती, आणि चहूकडं पाणीच पाणी होतं.